डाळ उतरली तेव्हा

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले आणि पहिल्याच आठवड्यात वरणात गूळ घातला. आमच्या नल्लकुंट्याच्या घरी समोरच्या खोलीत सासूबाईंची खानावळ होती. परभणी, नांदेड, बीदर, उदगीर अशा गावांहून युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली मुलं विद्यानगरहून चालत जेवायला यायची. खिडकीपासून दारापर्यंत पाटांची एक ओळ आणि समोर स्टीलची ताटं. नव्या सुनेनं मोठ्या हौसेनं वरण केलं, माझ्या आईनं शिकवलं तसं, गुळाचा खडा टाकून. पहिल्या घासाला सगळी ओळ एकमेकांकडे बघायला लागली. एकानं फार अदबीनं विचारलं, वहिनी, हे पक्वान्न भाताच्या आधी खायचं की नंतर. आत सासूबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आपलं तेच बरोबर, हे आम्हा पुणेकरांना शिकवावं लागत नाही.

सासूबाईंचं वरण वेगळंच होतं. तूरडाळ घट्ट शिजवायची, चिंच घालायची, आणि वरून लसूण, सुकी मिरची, कढीलिंब यांची अशी फोडणी की शेजारची तेलुगू अम्मा भिंतीपलीकडून शिंकायची. अर्धं मराठी वरण, अर्धं तेलुगू पप्पू. त्या होत्या जुन्या निजामी मुलखातल्या शेतकरी घरातल्या, पण सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे जन्म इथं गेलेला. त्यांच्या मराठीत दखनी असं मिसळलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या खानावळीचा नियम एकच. वरण कुणाला मागावं लागता कामा नये. बादली आणि ओगराळं घेऊन ओळीतून फिरत राहायचं, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, ताटाकडे न बघता वाढायचं. पोरगं घरापासून लांब आहे, मागायला लाजतं, म्हणून आपण विचारायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं.

ती वर्षं देशाची दारं उघडल्याची. आमच्या गल्लीत केबलची वायर आली, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला, आणि माझ्या नवऱ्याला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत अशी नोकरी लागली की पहिला पगार ऐकून सासरे चहा प्यायचे थांबले. पगार वाढला तसा नवऱ्याला आईच्या कष्टांचा कळवळा यायला लागला. आई, आता कशाला हे, आराम कर, त्या खोलीत सोफा ठेवू, माझा कॉम्प्युटर ठेवू. त्या म्हणायच्या, ठेव की, मुलं जेवून उठली की ठेव.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी तूरडाळ भडकली.

आमचा किराणा कोपऱ्यावरच्या एका सेठकडून यायचा. ठेंगणे, गोल, कानावर पेन्सिल, गिऱ्हाईक कुठल्याही भाषेतलं असो, त्याच्याशी दखनीत बोलणारे. सकाळी सासूबाईंनी डाळ आणली ती जुन्या भावानं. संध्याकाळी कमी पडली म्हणून मी गेले तर भाव चढलेला. पोतं तेच, माप तेच, पोत्यावरची माशीसुद्धा सकाळचीच असावी, भाव तेवढा नवा. मी भांडले. सेठ म्हणाले, ऊपर से बढ़ा अम्मा, मैं क्या करूं. घरी येऊन तणतणत सांगितलं तर सासरे म्हणाले, भाव वर जायला एक्सप्रेस असते, खाली यायला मालगाडी. काचीगुड्याच्या मालधक्क्यावर सगळं आयुष्य काढलेला माणूस, त्यांना प्रत्येक गोष्टीत गाड्याच दिसायच्या.

महिनाभर सासूबाईंनी कळ काढली. भाव चढतच राहिला. आता एक तर वरण पातळ करायचं किंवा ताटाचा दर वाढवायचा. पातळ वरण म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. त्यापेक्षा खानावळ बंद केलेली बरी, म्हणाल्या. शेवटी दारातल्या पाटीवर त्यांनी खडूनं नवा दर लिहिला, आणि जेवायला बसलेल्या सगळ्या ओळीसमोर उभं राहून सांगितलं की डाळ उतरली की मीबी उतरवीन. पोरांनी बिचाऱ्यांनी माना डोलावल्या. पण त्याच सुमारास विद्यानगरला एक नवी मेस निघाली. टेबलखुर्च्या, डोक्यावर पंखे, टोकन घ्या आणि जेवा, आणि आमच्यापेक्षा स्वस्त. तिथं वरणाची एकच वाटी, आणि तिच्यात डाळ शोधावी लागते असं ऐकलं होतं. तरी पोरांना घरून येणाऱ्या पैशांत महिना काढायचा असतो. खिडकीकडचे पाट एकेक करून रिकामे राहायला लागले.

नवऱ्यानं संधी साधली. म्हणाला, बघ आई, लोकांनाच नको आहे. हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हणाल्या, होळीच्या दिवशी पुरणपोळीला ही ओळ खिडकीपासून दारापर्यंत भरली नाही, तर मी माझ्या हातानं पाट माळ्यावर टाकीन, तू सोफा आण. भरली तर पुन्हा ह्या घरात सोफ्याचं नाव काढायचं नक्को. नवरा हसत हो म्हणाला. मी रात्री त्याला चार शब्द सुनावले, पण पैज लागायची ती लागली होती. मला त्या खानावळीचा लळा लागला होता, आणि एव्हाना गुळाशिवायचं वरण आवडायलाही लागलं होतं, हे मात्र मी पुण्यात कळू दिलेलं नव्हतं.

संक्रांतीला सासूबाईंचे भाऊ, माझ्या नवऱ्याचे मामा, आले. दरवर्षी ते बहिणीला वाणाबरोबर शेतातल्या नव्या तुरीचं गाठोडं आणायचे. काचीगुड्याला गाडीतून उतरले की डोक्यावर गाठोडं, तोंडात पान, आणि घरात शिरायच्या आधी गल्लीला ऐकू जाईल एवढा आवाज. त्या वर्षी ते म्हणाले, आक्का, तूर एवढी पिकली की अडत्यांच्या दारात गाड्यांची रांग लागली, भाव निम्म्यावर आला. त्यांना त्याचं फारसं दुःख दिसलं नाही, हरभरा चांगला आला होता, तुरीचं हे दर दोन-तीन वर्षांनी होतंच म्हणाले. पण सासूबाईंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. निम्म्यावर आला? मग आमच्या कोपऱ्यावर अजून दिवाळीचा भाव कसा?

त्या तशाच उठल्या. मीही चप्पल सरकवून मागे निघाले, असलं भांडण चुकवणाऱ्यातली मी नव्हे. सेठ गल्ल्यावर बसून हिशेब जुळवत होते. सासूबाईंनी विचारलं, तूर उतरली म्हणे. सेठ मान वर न करता म्हणाले, "पुराना माल है अम्मा, महंगे में लिया सो है।" सासूबाई म्हणाल्या, चढला तेव्हाबी माल पुरानाच होता की, तेव्हा कसा रात्रीतून नवा झाला? दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. सेठ हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीनं वर दाखवलं, म्हणजे घाऊक बाजार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑटो करून घाऊक बाजारात. तिथं गादीवर बसलेल्या व्यापाऱ्यानं सांगितलं, डाळमिलनं उतरवला नाही. त्याच्याच शेजारी मिलचा माणूस बसला होता, तो म्हणाला, आवक अजून म्हणावी तशी नाही. सासूबाई म्हणाल्या, माझा भाऊ कालच तिकडून आला, आवक रस्त्यावर सांडायली आहे. त्यावर दोघं एकमेकांकडे बघून मंद हसले. ते हसू मला अजून आठवतं. त्या बाजारात डाळीच्या मोठ्या गाद्या, म्हणजे पेढ्या, मोजक्याच, सगळ्यांच्या घरी लग्नकार्यात एकमेकांची ऊठबस, आणि कुणालाच घाई नव्हती. घाई होती ती माल टाकून गावी परतायचं असलेल्या मामांना, आणि गॅसवर आधण ठेवून बसलेल्या आम्हाला. भाव मधल्या मध्ये आरामात लोळत पडला होता.

मग त्या गादीवाल्यानंच सहज एक गोष्ट सांगितली. सुटी डाळ आम्ही विकत नाही, पण अख्खं पोतं घ्याल तर उतरवून देऊ. एक नाही, चार घ्याल तर अजून. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे. चार पोती डाळ म्हणजे खानावळीला वर्ष पुरेल आणि अर्धी कीड खाईल.

ऑटोत बसल्यावर त्या म्हणाल्या, आपली गल्ली केवढी मोठी आहे गं.

दोन दिवस त्या घरोघर फिरल्या. तेलुगू अम्मा तयार झाल्या, पलीकडच्या मुंबईकर बाई तयार झाल्या, मशिदीजवळच्या आपांनी तर खट्ट्या दाळीसाठी अर्धं पोतं एकटीनं मागितलं. आठवड्याच्या शेवटी चार पोती आमच्या ओट्यावर उतरली. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका डबे, पिशव्या, उशीचे अभ्रे घेऊन हजर. आणि तेव्हा लक्षात आलं की तराजू कुणाकडेच नाही.

सासूबाई एवढ्या धीट, की त्यांनी थेट सेठकडेच निरोप धाडला. तुमचा मोठा तराजू संध्याकाळपर्यंत पाठवा. मी कपाळावर हात मारला. पण मला हैदराबाद कुठं कळलं होतं! सेठ स्वतः तराजू घेऊन आले. ओट्याच्या पायरीवर बसले, कारण सासूबाई वजन करताना प्रत्येकीच्या पारड्यात मूठभर जास्त टाकत होत्या आणि ते त्यांच्यानं बघवेना. ऐसा तोले तो आखिर में तुमकोच कुछ नहीं बचता अम्मा, म्हणून त्यांनी तराजू आपल्या हातात घेतला, आणि स्वतःच्या गिऱ्हाइकांना दुसरीकडून आणलेली डाळ दिवेलागणीपर्यंत चोख मापून दिली. तेलुगू अम्मांनी सगळ्यांना ताक दिलं. आपांनी रिकामी पोती झटकली. एवढं हसू आमच्या ओट्यावर मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दिवे लागल्यावर सेठ तराजू खांद्यावर टाकून दुकानाकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात डाळ उतरलेली होती, आमच्या पोत्याच्या भावापेक्षा जराशीच वर.

झालं. सासूबाई जिंकल्या. गल्लीत त्यांचा भाव वधारला, भाजीवालीसुद्धा त्यांना बघून आपणहून दोन मिरच्या जास्त टाकायला लागली. घरात नवी डाळ, ओट्यावर तुळशीपाशी त्यांची ऐट.

आणि दारातल्या पाटीवर दर तोच, वाढलेला.

पहिले काही दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, गॅस महाग झालाय. बरं. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, दुधाचं बघ की. मग म्हणाल्या, ताटं किती जुनी झाली, नवी घ्यायची. प्रत्येक कारण खरंच होतं, त्यांना खोटं बोलता येतच नसे. सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले, मालगाडी सिग्नलला थांबली वाटतं. त्यावर त्यांना त्या दिवशी चहा उशिरा मिळाला. मीही मग विचारायचं सोडलं, पण रोज रिकामे पाट मोजत होते. निम्मी ओळ रिकामी आणि होळी जवळ येत चाललेली. नवरा एका संध्याकाळी सोफ्याचं माप घ्यायला टेप घेऊन आला, तेव्हा मी तो टेप पिठाच्या डब्यात लपवला.

अशात एका दुपारी सेठ जेवायला आले. दुकानाला टाळं लावून, धुतलेला सदरा घालून. सासूबाईंना फार आनंद झाला. त्यांनी स्वतः पाट मांडला, दाराशी, ओळीच्या शेवटी. सेठ सावकाश जेवले. वरण त्यांना दोनदा, तीनदा वाढलं गेलं, नियमाप्रमाणे न विचारता. त्यांनी बोटं चाटली, अशी दाळ माझ्या घरीही होत नाही म्हणाले. हात धुऊन दाराशी आले, पाटी वाचली, खिशातून पैसे काढून सासूबाईंच्या हातावर ठेवले. आणि अगदी मऊ आवाजात, तोंडावर रेघही न हलवता विचारलं,

"ये थाली बी पुराने माल की है क्या, अम्मा?"

ओळीतल्या पोरांचे घास हातात राहिले. एकाला ठसका लागला. सासूबाई वळल्या आणि आत गेल्या.

मी धावत मागे गेले. शेगडीकडे तोंड करून उभ्या होत्या, कान लाल झालेले. मला वाटलं आता कढई तरी आदळतील नाही तर रडतील. त्यांनी फोडणीची पळी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "मेला बरोबर बोलला गं." आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, मला धरून हसल्या. तशाच हसत बाहेर आल्या, पदरानं पाटी पुसली आणि खडूनं जुना दर लिहिला. डाळ चढायच्या आधीचा. सेठच्या हातावर वरचे पैसे परत ठेवले. गॅस आणि दूध मरू दे, म्हणाल्या. सेठनी ते पैसे कपाळाला लावून खिशात टाकले आणि दुकान उघडायला गेले. मला त्या दोघांचाही त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी उगाचच सगळ्या ओळीला पुन्हा एकदा वरण वाढत सुटले.

बातमी पोरांनी त्याच संध्याकाळी हॉस्टेलवर नेली. वाढलेला दर उतरलाय, असं कुणी कुठं ऐकलं होतं? गंमत बघायला म्हणून काही जण आले, पाटी वाचून खात्री करून घेतली आणि बसले. मग रोज एखाद-दुसरा पाट जास्त मांडावा लागे. तरी होळीच्या आदल्या दिवशी खिडकीपाशी जागा रिकामी होतीच, आणि सासूबाई पुरण वाटताना एकदाही समोरच्या खोलीकडे बघत नव्हत्या. रोज दुपारी बडबडणारी बाई त्या दिवशी पाट्यावरवंट्यालाच काय ते ऐकवत होती.

होळीला सकाळपासून पोळ्या लाटायला बसलो. साडेअकराला पहिली मुलं आली. मग अजून काही. मी लाटणं टाकून दारात जाऊन बघून यायची आणि सासूबाई म्हणायच्या, पोळी करपायली आहे, इकडं लक्ष दे. मग सेठ आले. मागून आपांचे दोन मुलगे, तेलुगू अम्मांचे यजमान. टोकनवाल्या मेसमधली चार पोरं दारात चपला काढताना दिसली, एकमेकांना ढकलत. खिडकीपासून दारापर्यंत ओळ भरली. ओट्यावर सतरंजी टाकून दुसरी सुरू करावी लागली, तीही भरत आली. सासरे उठून स्टेशनमास्तरासारखे दारात उभे राहिले आणि जागा नाही, पुढच्या गाडीला या, म्हणून लोकांना थांबवायला लागले.

नवरा ऑफिसातून लवकर सुटला होता. चपलांच्या ढिगात पाय कुठं ठेवावा कळेना म्हणून उंबऱ्यातच उभा राहिला. घरभर पुरणाचा वास सुटलेला, आणि घरच्या मुलाला बसायला पाट नाही. त्यानं ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलण्यासारखं खूप होतं, पण माझ्या हसऱ्या चेहऱ्यानंच त्याला पुरेसं छळलं असावं.

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. वरणाची बादली त्याच्या हातात दिली, ओगराळं वर ठेवलं. त्यानं निमूटपणे बाह्या सरसावल्या. पहिल्यांदाच वाढत होता, ताटाबाहेर सांडलं, पोरं हसली, मागून कटाची आमटी येत होती तिला आडवा आला. ओळीच्या शेवटी सेठ बसले होते. त्यांचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं. नवरा त्यांच्यासमोर थांबला आणि सवयीप्रमाणे, ऑफिसात विचारतात तसं, आत वळून म्हणाला, "आई, यांचं एकदा झालंय. परत देऊ?"

दोन्ही ओळी जेवायच्या थांबल्या. हातातली पोळी तव्यावर टाकायची मी विसरले.

सासूबाई पुरणाच्या हातानं बाहेर आल्या. भरलेल्या ओळीकडे एकदा खिडकीपासून दारापर्यंत बघून घेतलं, सावकाश, पोटभर.

"इचारायलास काय रे?" त्या म्हणाल्या. "वाढ."

आणि तो वाकून वाढायला लागला.